बंद घराची घरपट्टी

४ फेब्रुवारी

नगरपालिकेने आमची बिनपाण्याने केली. मी जन्मभर एका सलूनवाल्याची बायको आहे, तेव्हा हा शब्दप्रयोग करायचा हक्क इतरांपेक्षा मला जरा जास्तच आहे.

झालं ते असं. माझा उजवा खांदा आखडला, हात वर जाईना, लेकीने हाय खाल्ली आणि आम्हा दोघांना उचलून आपल्या इमारतीत, आपल्याच वरच्या मजल्यावर आणून ठेवलं. त्याला आता दोन महिने होतील. जुनं घर कुलूप लावून ठेवलं आहे. घर रिकामं असलं तर घरपट्टीत सूट मिळते असं कळलं, म्हणून मी रीतसर अर्ज केला. आज उत्तर आलं. 'सदर घर वापरात असल्याचे आढळल्याने सूट देता येत नाही.' खाली सबंध वर्षाची घरपट्टी, जशीच्या तशी.

वापरात? कोण वापरतंय, उंदीर? मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलं. लाल पेन घेऊन तो कागद दोनदा वाचला. वेलांटीचीसुद्धा चूक नाही. म्हणजे चूक लिहिण्यात नाही, लिहिणाऱ्याच्या डोक्यात आहे.

ह्यांना वाचून दाखवलं तर हे म्हणाले, "भरून टाकू की." कांद्या-बटाट्याला घासाघीस करणारा माणूस!

खरं कारण इथे लिहून ठेवते, कारण ही वही कुणी वाचत नाही. लेक म्हणते, दोन-दोन घरपट्ट्या भरायच्या तर ते घर विकूनच टाकू. तिचंही बरोबर आहे, ओढाताण तिची होते. पण ह्यांचं काय? मागच्या वर्षी ह्यांचा हात थरथरायला लागला. एका सकाळी गल्लीतल्या बेकरीवाल्यांच्या कानाला कात्री लागली, थेंबभर रक्त आलं, आणि ह्यांनी त्याच दिवशी दुकानाचं शटर ओढलं ते कायमचं. दुकान गेलं, पण मोठी खुर्ची आणि आरसा ह्यांनी घरी आणून पुढच्या खोलीत ठेवला. इथे येताना खुर्ची लिफ्टमध्ये मावली नाही, म्हणून ती तिथेच राहिली. कुलपाआड का होईना, पण ती खुर्ची ह्यांची म्हणून कुठेतरी असायला हवी. सूट मिळाली की विकायचा विषय निघणार नाही. म्हणून हे भांडण मला जिंकायचं आहे. विकण्याबद्दल ह्यांच्याकडे मी अवाक्षरही काढलेलं नाही.

६ फेब्रुवारी

नगरपालिकेत जाऊन आले. एका खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरीने जेवायला गेल्याची पाटी लावली. शेवटी एक पोरगेलासा निरीक्षक आला. केस पुढून डोळ्यांत आणि मागून कॉलरमध्ये. मी मनातल्या मनात त्याचं नाव झिपऱ्या ठेवलं.

झिपऱ्या म्हणाला, "बाई, पाण्याचा मीटर फिरतोय. पुढच्या खोलीत भरदिवसा दिवा होता."

"तुम्ही पाहिलात?"

"हो."

"एवढ्या केसांतून?"

शेजारच्या टेबलावरची बाई फायलीत तोंड घालून हसली. झिपऱ्याने कपाळावरची बट मागे सारली, ती परत पुढे आली. पोरगा वाईट नाही. म्हणाला, "मी पुन्हा तपासणी करतो. पण सूट हवी असेल तर पाणी आणि वीज बंद करून घ्यावी लागेल. मग आमचं सील लागतं दाराला. तुम्ही राहायला परत आलात किंवा घर विकलंत, की मगच निघतं."

"लावा की. उद्या लावा."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांच्या हातात चहा होता, तो तसाच गार झाला.

"सील म्हणजे आत जाताच येणार नाही?"

"आत जाऊन करायचंय काय?"

"नाही, तसं काही नाही," म्हणाले, आणि खिडकीतून खाली बघत बसले. आठवण येत असेल. मलाही येते. इथे आल्यावर पहिले काही दिवस हे नुसते मांडीवर हात ठेवून बसायचे. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की त्याच्या तोंडाकडे न बघता डोक्याकडे बघायचे. आता बरे आहेत, रोज फिरायला जातात.

९ फेब्रुवारी

ह्या फिरण्याबद्दल लिहायलाच हवं. न्याहारी झाली की निघतात, जेवायच्या वेळेला उगवतात. येताना शीळ घालतात. दुकान बंद झाल्यापासून ती शीळ मी ऐकली नव्हती, त्यामुळे कुठे जाता म्हणून विचारायचीही मला भीती वाटते. विचारलं आणि थांबली तर?

पण आज स्वेटर धुवायला घेतला आणि बघते तर सगळा केसांनी माखलेला. पांढरे, करडे, मधेच एखादा काळा. बारीक बारीक. मी ओळखलं. ह्यांना लहानपणापासून मांजरांचं वेड, मला मांजराने शिंका येतात, म्हणून आम्ही कधी पाळलं नाही. बागेत जाऊन मांजरं कुरवाळत बसत असणार.

मी म्हटलं, "लपवता कशाला? मांजरांना खायला घालता ना?"

ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वेटरकडे, आणि असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी आलं. "हो गं," म्हणाले, "दोन-तीन आहेत. म्हातारी आहेत बिचारी. नीट बसतात, ओरबाडत नाहीत."

"घरी आणू नका म्हणजे झालं."

"नाही आणत. ती तिथेच बरी."

उद्यापासून बरोबर थोडा पाव देईन. मांजरं पाव खातात की नाही, कुणास ठाऊक.

१२ फेब्रुवारी

आज लेकीवर चिडले आणि नंतर वाईट वाटलं. माझा हात डोक्यापर्यंत जात नाही, म्हणून ऑफिसला निघायच्या आधी ती वर येऊन माझी वेणी घालते. एका हाताने कंगवा, दुसऱ्या हाताने फोन, दातांत रबर. खसाखसा ओढते. कमरेपर्यंतचे केस, गुंता होतोच. मी ओरडले. ती म्हणाली, "आई, कापून टाक ना थोडे. खाली पार्लर आहे, मी नेते."

मी नाही म्हटलं. माझ्या केसांना आजवर आईखेरीज आणि आता हिच्याखेरीज कुणी हात लावलेला नाही. ह्यांनीसुद्धा नाही. लग्न झालं तेव्हा सलूनवाल्याला दिली म्हणून मैत्रिणी चिडवायच्या, की आता तुझं डोकं फुकटात होणार. मी तेव्हा ह्यांना तोऱ्यात सांगून टाकलं होतं, "गावाची डोकी तुमची, माझं तेवढं माझ्याकडे राहू द्या." ह्यांनी तो शब्द गंमत म्हणून घेतला आणि पाळला मात्र इमानेइतबारे.

लेक ओढत होती तेव्हा हे दारात उभे होते. त्यांचा हात जरा पुढे आला आणि परत खिशात गेला. "मुळापासून नको ओढू, टोकाकडून सोडवत ये," एवढं म्हणाले. लेकीने तसं केलं, आणि खरंच कमी दुखलं.

१५ फेब्रुवारी

झिपऱ्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, म्हणून साक्षीदार गोळा करायचं ठरवलं. जुन्या गल्लीतल्या दोघा-तिघांनी लिहून दिलं की घर बंद असतं, तर नगरपालिका काय बोलणार? हे म्हणाले, "खांदा दुखतोय, तू कशाला बसचा दांडा धरतेस? मी आणतो सह्या." ह्यांना मी ओळखते. सही मागायला जातील आणि चहा पिऊन परत येतील. मी बरोबर गेलेच.

घर बाहेरून पाहिलं. आत जावंसं फार वाटलं, पण किल्ली आणायला हे विसरले. पडदा ओढलेला होता. ओटा झाडल्यासारखा स्वच्छ, वाऱ्याने असेल. मी म्हटलं, बघा, ह्याला वापरातलं घर म्हणतात! हे बेकरीच्या पाटीकडे बघत होते.

बेकरीवाले गल्ल्यावर होते. ह्या माणसाने कानाचं ते प्रकरण झाल्यावर शपथ घेतल्यासारखं कुठल्याच दुसऱ्या सलूनमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. आम्ही घर सोडलं तेव्हा डोक्यावर नुसतं रान माजलेलं होतं. आणि आज बघते तर केस कसे चापूनचोपून! म्हणजे दुसरीकडे जायला लागले! ह्यांनी बघू नये म्हणून मी मधे उभी राहिले. मी अर्ज पुढे केला तर म्हणाले, "वहिनी, सही केली असती, पण हात पिठाचे आहेत."

"धुवा ना मग."

"पाणी नाही आज," म्हणाले, आणि मागे नळ वाहत होता. एक गरम पाव हातात कोंबून आत पळाले.

मग समोरचे कंडक्टर. बसमधून निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना कंडक्टरच म्हणते. त्यांचीही मान साफ, कल्ले सरळ. हल्ली त्यांची मान सारखी हलते, होकार देतायत की नकार ते कळत नाही. मी विचारलं, "घर बंद असतं ना हो?" मान हलली. "मग करा सही." मान हलली. पण पेन काही धरेनात. शेवटी म्हणाले, "वहिनी, खोटी साक्ष... म्हणजे, साक्ष देणं हे फार जबाबदारीचं काम आहे."

इतकी वर्षांची माणसं, आणि एक सही देववत नाही. त्याहून मला ह्या गोष्टीचं वाईट वाटलं की सगळी गल्ली कुठल्यातरी नव्या सलूनमध्ये जायला लागली. ह्यांच्यासाठी कुणी थांबलं नाही. बसमध्ये मी मुद्दाम हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ह्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, तरी चेहरा पडला नव्हता. उलट मजेत होते. मोठ्या मनाचा माणूस आहे.

२० फेब्रुवारी

झिपऱ्याचा अहवाल आला. 'प्रत्यक्ष तपासणीत निश्चित निष्कर्ष काढता आला नाही. प्रकरण सुनावणीसाठी साहेबांकडे.' निश्चित निष्कर्ष! घर रिकामं आहे की नाही हे बघायला काय दुर्बीण लागते?

तडक गेले. आधी मी त्याला ओळखलंच नाही. केस कापलेले! कपाळ मोकळं, डोळे दिसायला लागलेले, कुणाच्यातरी लग्नाळू मुलासारखा दिसत होता. आता झिपऱ्या म्हणवेना.

"तुम्ही आत गेला होतात ना?"

"गेलो होतो."

"मग? काय दिसलं?"

"बाई," तो कानापर्यंत लाल झाला, "घर फार स्वच्छ आहे. आणखी मी काही लिहू शकत नाही. मला विचारू नका. साहेबच बघतील."

मला त्याची दयाच आली. म्हटलं, विषय बदलावा. "केस छान कापलेत हो. कुणाचा हात आहे? आमच्या ह्यांना सांगते. कल्ल्याची ही तिरकी रेघ हल्ली कुणाला जमत नाही म्हणतात." तर तो फाईल घेऊन जवळजवळ पळालाच.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. कुणाची तरी चांगली कारागिरी ऐकून बरं वाटेल असं वाटलं. "सगळं सुरेख," मी म्हटलं, "फक्त डाव्या कानामागे एक झुपका तसाच राहिलाय."

हे ताठ बसले. "कुठे?"

"डाव्या कानामागे. एवढा."

"मोठा आहे?"

"तुम्हाला काय करायचंय? तुमचं गिऱ्हाईक आहे का ते?"

नंतर जेवताना लक्ष नव्हतं. दुसऱ्याच्या कामातली चूकसुद्धा ह्यांना इतकी लागते. माझंही असंच असायचं, दुसऱ्याने तपासलेल्या पुस्तकात चूक दिसली की घास उतरायचा नाही.

२१ फेब्रुवारी

हे आज चहाही न पिता बाहेर पडले. नगरपालिकेच्या बाजूला काम आहे म्हणाले. काय काम, ते सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी

भांडण झालं. लिहू की नको असं झालंय, पण लिहिते.

सुनावणी तीन मार्चला आहे. मी ठरवलं की त्याआधीच पाणी तोडून घ्यायचं. मीटरच बंद असला तर साहेबांना बोलायला जागा नाही. प्लंबरला परवाची वेळ दिली. हे ऐकून हे एकदम म्हणाले, "राहू दे ना. पाणी कशाला तोडतेस?"

"मग सूट कशी मिळणार?"

"नाही मिळाली तर नाही मिळाली."

"मी एवढी धावपळ कुणासाठी करते आहे?" माझा आवाज चढला.

ह्यांचा कधी चढत नाही. हळूच म्हणाले, "बंद करायचं ते सगळं बंद केलंच आहे की आपण. आता नळ तेवढा राहिलाय." आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. कठडा घट्ट धरला होता, हात थरथरला की असा कशाला तरी धरतात.

मला रडू आलं. मी ते घर वाचवायला निघाले आहे आणि ह्यांना वाटतंय की मी ते बुजवते आहे. विकण्याचं सांगून टाकावं, असं दहा वेळा मनात आलं. पण सांगितलं तर हेच आधी म्हणतील, लेकीला त्रास नको, विकून टाका. म्हणून गप्प बसले. आणि तरी, मी करते आहे ते बरोबर आहे ना? ज्या घरात जाता येत नाही, ते असून नसून सारखंच, असा विचार आज पहिल्यांदा शिवला. तो झटकला आणि ह्यांच्या नकळत प्लंबरला फोन करून वेळ पक्की केली. माझा स्वभाव हा असा आहे.

२६ फेब्रुवारी

कुठून सुरू करू?

हे फिरायला गेले. ह्यांच्या किल्लीची वाट न बघता मी लेकीकडची जादा किल्ली घेतली आणि जुन्या घरी पोचले. प्लंबर पाना घेऊन दारात उभा होता. किल्ली लावायला गेले तर दार नुसतं लोटलेलं. आतून माणसांचा आवाज. मी प्लंबरला म्हटलं, "चोर आहेत." तो म्हणाला, "बाई, चोर क्रिकेटवर बोलत नाहीत."

दार ढकललं. पुढच्या खोलीत दिवा. आरशासमोर मोठी खुर्ची, खुर्चीत गळ्यापर्यंत पांढरी चादर गुंडाळलेले कंडक्टर. बाकावर पेपर घेऊन बेकरीवाले. आणि हे, कंगवा आणि कात्री घेऊन, चष्मा नाकावर, जीभ दातात धरलेली. खोलीभर पावडरचा वास. ह्यांच्या अंगाला महिनाभर हाच वास येत होता आणि मी तो साबणाचा समजत होते. जमिनीवर केस होते, पांढरे, करडे.

कुणी हलेना. कंडक्टरांची मान तेवढी हलत होती.

"ही तुमची मांजरं?" मी विचारलं.

बेकरीवाल्यांनी पेपर तोंडावर धरला. ह्यांनी कात्री हलकेच खाली ठेवली. "तुला सांगणार होतो," म्हणाले.

"कधी?"

"हात नीट चालला की." मग एकदम भडाभडा बोलले. मी ह्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. घर ठीक आहे का बघायला म्हणून हे एकदा आले होते. बेकरीवाले पाठोपाठ आत शिरले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कापा, नाहीतर मी असाच अस्वल होऊन मरणार." हे नाही म्हणाले. ते उठेनात. तेव्हा ह्यांनी कंगवा डोक्यावर टेकवला, त्यावर हात टेकवला, आणि टेकलेला हात थरथरत नाही असं त्यांच्या लक्षात आलं. फार सावकाश होतं, एका डोक्याला सगळी सकाळ जाते. पण होतं.

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं, आणि उद्या पुन्हा कुणाचा कान कापला असता तर? तू दुकान बंद झालं तेव्हा किती दिवस माझ्या नकळत रडलीस. ते परत नको होतं मला."

नकळत म्हणे! मी किती काळजी घेतली होती.

बेकरीवाले म्हणाले, "वहिनी, एक कान गेला तर दुसरा आहे. आणि आम्हाला सकाळी जायचंय तरी कुठे?" कंडक्टर चादरीतून म्हणाले, "माझी मान हलते, ह्याचा हात हलतो. कधीतरी दोघं एका वेळी थांबतात, तेवढ्यात कात्री चालवतो."

"आणि तो निरीक्षक?"

"तपासणीला आला होता," हे खाली बघत म्हणाले. "डोळ्यांत केस जात होते गं त्याच्या. मी नुसतं बसा म्हटलं."

इतका वेळ प्लंबर तिष्ठत उभा होता. "बाई, पाणी तोडायचं ना?"

"नको," मी म्हटलं. त्याने पाना पिशवीत टाकला, टोपी काढली आणि बेकरीवाल्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसला. "मग माझा नंबर लावा."

मी मागच्या खोलीत गेले आणि पोटभर रडून घेतलं. कपाटाला हात लावला, भिंतीला लावला. बाहेर कात्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. एक एक टिक, मधे बराच खंड. मग सगळं ह्यांना सांगितलं, लेक विकायचं म्हणते, म्हणून मी सूट मिळवायला भांडत होते. हे म्हणाले, "मला वाटलं, तुला ते घर नकोच झालंय. तू सगळ्यांना इतकं ठासून सांगत होतीस की तिथे काही नाही." इतका संसार झाला आणि एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून दोघंही मूग गिळून बसलो होतो. वेडे कुठले.

३ मार्च

सुनावणी झाली. खोलीत साहेब, झिपऱ्या (काय करू, तेच नाव तोंडात बसलंय) आणि मी. साहेबांना पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. पूर्ण टक्कल. ह्या प्रकरणात निःपक्षपाती राहू शकेल असा नगरपालिकेत हाच एक माणूस असणार.

साहेब म्हणाले, "तुमचा अर्ज आहे की घर रिकामं आहे. आमचं म्हणणं, वापरात आहे. पुरावा आणलाय का?"

"आणला आहे," मी म्हटलं. "घर वापरात आहे."

साहेबांनी अर्ज उलटापालटा करून पाहिला. "बाई, हा अर्ज तुमचाच आहे ना?"

"माझाच. त्यात चूक राहिली होती. द्या इकडे." मी लाल पेन काढून 'रिकामे' ह्या शब्दावर काट मारली आणि बाजूला सही केली. नोकरीत असताना असल्या चुका मी हजारांनी काढल्या, पण हातात इतका जोर कधी नव्हता.

"म्हणजे तिथे कोणी राहतं?"

"राहत नाही. पण सकाळी माणसं येतात."

"व्यवसाय?"

"अजून पैसे घेत नाहीत. आता घेतील. रीतसर नोंद करून द्या, त्याची पट्टी वेगळी असली तर तीही भरू. आत्तापर्यंतची पूर्ण घरपट्टी आज भरते."

साहेब झिपऱ्याकडे वळले. "तुम्हाला तपासणीत हे दिसलं नाही?" त्या बिचाऱ्याला जमिनीत गडप व्हावंसं झालं. मी म्हटलं, "त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही." निघताना मी त्याच्या डाव्या कानामागे बघून घेतलं. झुपका नव्हता.

लेकीला दुपारी तिकडे नेलं. आधी कपाळाला हात लावला, मग बाबांना बघत बराच वेळ बाकावर बसली. विकायचं काही बोलली नाही. जाताना म्हणाली, "बाबा, रविवारी ह्यांना पाठवते. पण पैसे घ्यायचे हं जावयाकडूनसुद्धा." मी बेकरीवाल्यांना आणि कंडक्टरांना तेच सांगून आले आहे. मैत्री मैत्रीच्या जागी, घरपट्टी घरपट्टीच्या जागी.

६ मार्च

आज सकाळी लेक वेणी घालायला वर आली, तेव्हा तिला म्हटलं, आज वेणी राहू दे, नुसता अंबाडा बांधून दे. आणि तशीच ह्यांच्याबरोबर बसने निघाले.

कंडक्टर अजून यायचे होते. मी खुर्चीत जाऊन बसले. हे कुलूप आत ठेवत होते, वळून बघतात तर मी आरशात.

ह्यांनी स्वच्छ चादर काढली, झटकली, माझ्या गळ्याभोवती गुंडाळली. अंबाडा सोडला. टोकाकडून एकेक गुंता सोडवत वर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांचा हात माझ्या केसांत होता. कंगवा डोक्यावर टेकेपर्यंत थरथर मला कळत होती. मी मान हलवली नाही.

मग ह्यांनी सगळ्यांना विचारतात तसंच आरशात माझ्याकडे बघत विचारलं, "किती ठेवू?"

"माझा हात पोचेल तेवढे," मी म्हटलं.

सबंध सकाळ लागली. कंडक्टर आले, बेकरीवाले आले, दोघे बाकावर गुपचूप पेपर वाचत बसले. मानेवर वारा लागला. शेवटी हे समोर आले, वाकून दोन्ही बाजू सारख्या आहेत का पाहिल्या, आणि कंगवा माझ्या हातात दिला. मी कोपर पोटाशी धरून जेवढा जाईल तेवढा हात वर नेला, आणि कंगवा केसांतून खालपर्यंत गेला.

कंडक्टर म्हणाले, "वहिनी, पैसे द्या हं." मी दिले. ह्यांनी घेतले.